टोपीतल्या चिठ्ठ्या

म्हातारीनं तांब्या उपडा केला. माझ्या चिठ्ठ्या मातीत पडल्या.

"पानी प्यायचा तांब्या हाय आमचा. आदी सांगायचं न्हाई का?"

आधी काय सांगायचं होतं, ते मला कळलं. चिठ्ठ्या टाकायला खोल भांडं हवं होतं, म्हणून शेतमालकाच्या बायकोनं तो घरातून आणून दिला होता. मी पहिल्या चिठ्ठीसाठी हात घातला, तेवढ्यात त्या म्हातारीनं, मालकाच्या आईनं, आडनाव विचारलं. मी सांगितलं. गाव विचारलं. किनवट. कोणती आळी, तेही विचारलं. मी म्हणाले, विहाराच्या मागं. संपलं. ती तांब्या घेऊन चुलीकडं गेली, राखेनं घासायला.

माझे गाईड, लातूरच्या कॉलेजातले सर, शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "सोड ना. आपलं काम होऊ दे."

मला राग आला नाही. रडूही आलं नाही. मी वाकून चिठ्ठ्या वेचल्या, माती झटकली. लहानपणापासून वेचतच आलेय, कंबरेला सवय आहे.

लोह्याकडच्या त्या रानात माझ्या एमएस्सीचा प्रयोग होता. सोयाबीनला गंधक किती द्यावं? पातळ्या तीन: बिनगंधक, अर्धी मात्रा, पूर्ण मात्रा. प्रत्येकीच्या चिठ्ठ्या तेवढ्याच. कोणत्या वाफ्यात काय पडेल ते चिठ्ठी ठरवणार, कारण माणूस ठरवायला लागला की आपल्या लाडक्याला चांगली जमीन देतो. "चिठ्ठीला जात नसते," असं वर्गात सरच म्हणाले होते. पोरं हसली होती. मी ते वाक्य मनात जपून ठेवलं होतं.

मालकानं डोक्यावरची टोपी काढली. "द्या हिकडं, म्या काडतो."

चिठ्ठ्या टोपीत गेल्या. माझ्या हाताला टोपीपाशीही जागा नव्हती. मी प्रत्येक वाफ्यावर निघालेल्या मात्रेची खुंटी ठोकत रस्त्याकडून ओढ्याकडे निघाले.

पहिलीच चिठ्ठी बिनगंधकाची निघाली. मालकानं तोंड वाकडं केलं. "रस्त्याच्या कडंला मरतुकडं पीक? लोक काय म्हनतीन?" चिठ्ठी परत टोपीत टाकली, दुसरी काढली. पूर्ण मात्रा. खूश झाला. पुन्हा बिनगंधक, पुन्हा परत. सर हसून म्हणाले, "चालतंय हो, घ्या दुसरी."

मी ठोकत राहिले. शेवटी टोपीत फक्त बिनगंधकाच्या उरल्या. समोर ओढ्याकाठचे वाफे. पाणी साचणारी, पिवळी पडणारी जमीन. पलीकडे आमच्या लोकांची वस्ती.

मालक म्हणाला, "बिनखताचं ऱ्हाऊ द्या तिकडंच, वस्तीकडं. तिकडं कोन बघतंय?"

हातोडी हातातच थांबली. तांब्याच्या वेळी मी काही बोलले नव्हते. पण हे वाक्य मला आरपार गेलं. आम्हाला कायम ओढ्याकाठीच ठेवलं. मग पीक पिवळं पडलं की म्हणायचं, बघा, यांचं बीजच तसलं. आणि यावेळी त्या खुंट्या मीच ठोकत होते. माझ्याच हातानं, माझ्याच प्रबंधासाठी.

मी म्हणाले, "सर, चिठ्ठी परत टाकता येत नाही."

"एवढं काय त्यात? त्यांचं रान आहे."

"मग हा प्रयोग नाही."

"हंगाम जाईल. वर्ष गेलं समज."

मी खुंट्या उपटायला सुरुवात केली. ओढ्याकडून रस्त्याकडे. कुणी अडवलं नाही. म्हातारी दारातून बघत होती, घासलेला तांब्या हातात धरून.

वर्ष गेलं. बाबांना फोनवर सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "जेवलीस का?" मी हो म्हणाले. जेवले नव्हते.

आता कॉलेजच्याच रानात प्रयोग आहे. सर तेच आहेत. "या वेळी जरा समजून घे," म्हणाले. मी मान हलवली नाही.

परवा चिठ्ठ्या काढायच्या आहेत. भांडं मी घरून आणलंय, आईचा डबा. सगळे गोळा झाले की आधी आडनाव सांगणार. मोठ्यानं. मग हात घालणार. रस्त्याकडेला बिनगंधक निघालं तर ते रस्त्याकडेलाच राहील. निघालेली चिठ्ठी परत टाकायला कुणी हात पुढं केला, तर तो हात मी धरणार आहे.