आईचं ताट

"लोखंडाच्या गावात राहतो आन् थर्माकोलच्या ताटात जेवतो. लाज नाही वाटत का आपल्याले?"

महिला मंडळाच्या बैठकीत शेजारीण असं म्हणाली आणि सगळ्या बायका हसल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वाक्य चांगलं होतं, राग त्याचाच होता. भिलाईत माझा सारा संसार झाला, नवरा स्टील प्लांटच्या कोक ओव्हनपुढे राबून भाजून निघाला, आणि मला हे सुचलं नाही!

मरोदा सेक्टरात आमच्या क्वार्टरला लागूनच तिचं क्वार्टर. तीही माझ्यासारखी भंडाऱ्याकडचीच. ती येईपर्यंत मंडळात माझाच शब्द चालायचा. संक्रांतीला दुर्गच्या बाजारातून प्लास्टिकचे डबे आणून मी वाण लुटायचे, बायका तोंड भरून कौतुक करायच्या. त्या डब्यांची झाकणं पुढच्या संक्रांतीपर्यंत मागच्या नालीत तरंगत असायची, ते कोण बघतं?

हिने बघितलं. म्हणाली, यंदा वाण लुटायचं नाही, जमा करायचं. प्रत्येक घराने स्टीलचं एक ताट द्यायचं. बारसं असो, तेरवी असो, ज्याच्या घरी कार्य त्याने ताटं न्यायची, घासून परत आणायची. भाडंबिडं काही नाही. उष्टं-खरकटं तिच्या अंगणातल्या खड्ड्यात, धुण्याचं पाणी तिच्या केळींना. त्या खड्ड्याच्या खतावर जी वांगी होतील, ती पुढच्या कार्याच्या भाजीला.

संक्रांतीला बायकांनी बाजारातली पातळ ताटं आणली. हिने मात्र घरातलं जुनं, जाडजूड आणलं. माझ्या हातातलं नवं ताट तर बोटाने दाबलं की वाजत होतं. मी तशीच घरी परतले आणि आईचं ताट काढलं. लग्नात आईने दिलेल्या भांड्यांपैकी तेवढंच उरलं होतं. जड, आणि मागे आईचं नाव कोरलेलं. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, मी रोज त्याच ताटात जेवायचे. ते नेऊन सगळ्यांच्या देखत धाडकन ढिगावर ठेवलं.

कोणी बघितलंसुद्धा नाही. वर लगेच दुसरं ताट पडलं.

संध्याकाळी जेवायला बसताना हात सवयीने आईच्या ताटाकडेच गेला. नवरा म्हणाला, "कावून दिलं मग? मांगून घे ना."

"तिच्यापुढे हात पसरू? मी?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मग प्रत्येक कार्यात मी ताटं उलटी करून बघायचे, पण आई काही हाती लागायची नाही. बाकी सगळं शेजारणीच्या मनासारखं होत गेलं. नाली मोकळी झाली. कार्याच्या दुसऱ्या दिवशी थर्माकोल जाळल्याचा वास यायचा, तो बंद झाला. आता फागुनातच ऊन चटके देतं. हौसेने सिमेंट करून घेतलेल्या माझ्या अंगणात तेव्हापासूनच पाय ठेववत नाही, आणि भिंतीपलीकडे केळीची सावली! नवरा चहा घेऊन त्या भिंतीजवळ बसायला लागला. का, तर म्हणे, "हवा तिकडून येते." मी चहात साखर टाकणंच बंद केलं.

मागच्या साली एका बारशानंतर तिच्या अंगणात आम्ही दोघीच ताटं घासत होतो. तिने एक ताट माझ्यापुढे उलटं धरलं.

"वहिनी, हे नाव कोणाच्या घरचं असन? मी लय जणींले विचारलं. कोणी चुकून दिलं असन तर वापस देऊन टाकू म्हणते."

आईचं नाव. अक्षरांत राख बसली होती. 'माझं आहे' एवढंच म्हणायचं होतं. पण मग का दिलं, तेही सांगावं लागलं असतं. आणि ताट तिच्या हातून घ्यावं लागलं असतं.

"माले काय माहीत?" मी म्हणाले. "आमचं नाही."

तिचा चेहरा खुलला.

"बरं झालं बाई! खरं सांगू? मले देऊ वाटूनच नाही राहिलं. साऱ्यायले वाढून झालं का मी शेवटी याच्यातच जेवते. कोण बाई आहे देव जाणे, पण हिच्या ताटात अन्न गोड लागते."

मी राखेचा हात पदराला पुसला आणि पुढचं ताट घेतलं.

तेव्हापासून कोणाच्याही कार्यात मी शेवटच्या पंगतीलाच बसते, तिच्या शेजारी. बायका म्हणतात, दोघींचं किती जमतं!