अर्ध्या चेहऱ्याचं मलम

आमच्या साडूंइतका छळवादी सज्जन अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दुसरा नसेल. माणूस कुणाचं वाईट चिंतत नाही, आवाज चढवत नाही, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. फक्त समोरच्याच्या गालावर मुरूम दिसला की त्यांचा ताबा सुटतो. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी मोहने गावच्या जुन्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत काढली. नोकरी संपली आणि प्रयोगशाळा कल्याणला, त्यांच्या स्वयंपाकघरात आली. कडुनिंब, मंजिष्ठा, लोध्र, कोरफड असलं काय काय वाटून ते मुरमांवरचं मलम शोधत होते. घरात मिक्सर एकच. त्यामुळे माझी मेहुणी पाहुण्यांना आधीच बजावायची, "चटणी घेऊ नका हं, सकाळी मलम झालंय."

रिक्षावाला असो, बँकेतला कारकून असो, साडू त्याच्या तोंडाकडे टक लावून बघणार. डोंबिवलीच्या एका लग्नात तर आहेर द्यायला स्टेजवर चढले आणि नवरदेवाचा हात हातात धरून म्हणाले, "तुमचा उजवा गाल मला द्याल का?" नवरी बिचारी दोन पावलं मागे सरकली. उजवाच का, तर साडूंचा नियम. मलम एकाच गालाला लावायचं, दुसरा तसाच कोरडा ठेवायचा. "दोन्हीकडे लावलं तर मलमाने गेला की आपोआप गेला, हे कळणार कसं?" या नियमापायी आमच्या नात्यातली निम्मी तरुण मंडळी फोटोत मलमाचा गाल लपवून उभी राहायची.

मी या सगळ्याला हसत असे. मग आमच्या लेकीचा, सईचा चेहरा मुरमांनी भरला. घोडबंदर रोडवरच्या आमच्या टॉवरच्या लिफ्टमध्ये शिरतानाही ती स्कार्फ गुंडाळायची. आधी कॉलेजला दांड्या, मग जाणंच बंद. डॉक्टर झाले, औषधं तिने अर्ध्यावर सोडली. शेवटी नाइलाजाने मी तिला दर रविवारी कल्याणला नेऊ लागलो. साडू तिला खिडकीशी बसवत, भिंगातून दोन्ही गाल निरखत, काहीतरी पुटपुटत आणि उजव्या गालाला मलम लावत. डाव्याला बोट नाही!

माझ्या भाचीच्या साखरपुड्याला सई यायला तयार होईना, तेव्हा मी साडूंपुढे अक्षरशः हात जोडले. "अहो, आता तरी दोन्हीकडे लावा."

"मग आत्तापर्यंतचं सगळं फुकट जाईल."

"माझी पोर घराबाहेर पडत नाही आणि तुम्हाला प्रयोग सुचतोय?" मी ओरडलोच. साडू शांतपणे वाटी पुसत राहिले. या माणसाच्या दारात पुन्हा पाऊल टाकायचं नाही, असं मी बायकोला सांगून टाकलं. पुढच्या रविवारी सई स्वतःच चपला घालून तयार होती. मी मुकाट्याने गाडी काढली.

दिवाळीपर्यंत तिचा चेहरा निवळला. कॉलेज सुरू झालं. आम्ही पेढे घेऊन कल्याणला गेलो, तर साडू सुतक आल्यासारखे बसलेले.

"डावाही निवळला," ते म्हणाले. "उजव्याइतकाच. मलमात काही दम नाही."

"अहो, पण पोरीचा चेहरा साफ झाला ना!"

"झाला की. वयाने झाला. त्यात मी काय केलं?"

सगळ्या बरण्या त्यांनी माळ्यावर टाकल्या होत्या. मेहुणीला तिचा मिक्सर परत मिळाला होता, पण तीही काही खूश दिसेना. साडूंनी पेढाही खाल्ला नाही.

परतताना मी चिडून सईला विचारलं, "मलमाने काहीच झालं नाही म्हणे. मग एवढे रविवार कशाला गेलीस गं?"

"बाबा, तुम्ही सगळे माझ्याशी बोलताना दुसरीकडे बघायचात. तू पण, आई पण," ती म्हणाली. "काका एकटे डायरेक्ट चेहऱ्याकडे बघायचे. आणि बघून बोअर नाही व्हायचे यार."

खरंच होतं ते. वाईट वाटू नये म्हणून आम्ही नजर चुकवत होतो आणि पोरीच्या मनाला तेच लागत होतं.

घरी पोचल्यावर मी साडूंना फोन केला आणि सई जे म्हणाली ते जसंच्या तसं सांगितलं. आता हेही सिद्ध करायला सांगतील, असं मला वाटलं होतं.

पण घसा खाकरून ते म्हणाले, "तिला म्हणावं, ये रविवारी. मलम नाही लावणार. नुसती ये."