गोविंदकाकाचं कफन

मंडळी, आत्ताच गोविंदकाकाले पोचवून आलो.

आमच्या कोष्टीपुऱ्यात रीत आहे. विणकर गेला की त्याच्याच मागावरचं कापड कापून त्याच्यावर घालायचं. काकाचा माग रिकामा होता. अमेरिकेत लढाई लागून तिथला कापूस अडला, तेव्हापासून इथला सारा कापूस विलायतेले चालला. अमरावतीच्या बाजारात कापसाच्या गाड्यांनी रस्ता अडला आहे, अन् आमाले बोटभर सूत भेटत नाही!

शेवटी दुकानातून विलायती कापड आणलं. काकूनं ते चिमटीत धरून पाह्यलं अन् मले विचारलं, "हे कोनाच्या हातचं आहे गा?"

मी ते तिच्या हातातून घेतलं अन् काकावर घातलं.

आता घरी माह्या मागापाशी बसून आहो. तोही रिकामाच आहे. सांगा मंडळी, माह्या अंगावर कोनाच्या हातचं पडन?