शुक्रवारच्या तासाचा निकाल

आमच्या खालच्या मजल्यावरच्या प्राध्यापकांइतका मतपेटीवर जीव असलेला माणूस अख्ख्या वारज्यात नाही, आणि मतपेटीने इतका छळलेलाही नाही. मुलांनो, मागच्या सुट्टीत तुम्हाला जिन्यात थांबवून "तुमच्या शाळेत वर्गप्रतिनिधी कोण निवडतं, बाई की मुलं?" असं विचारणारे ते हेच. एका देशाची लोकशाही दुसऱ्या देशात नेऊन रुजवता येते का, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. त्यापायी ते चार देश हिंडले आणि येताना तिथल्या मतपत्रिकांचे नमुने घेऊन आले. त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, सांगितलेली चहाची किटली तेवढी राहिली. सोसायटीच्या जिन्याचा रंगसुद्धा त्यांनी गुप्त मतदानाने ठरवायला लावला. हात वर करण्याला त्यांचा सक्त विरोध. "हात वर करताना माणूस आधी शेजाऱ्याकडे बघतो, वहिनी. ते मत शेजाऱ्याचं." त्यांच्या घरी संध्याकाळची भाजी मात्र काकू ठरवतात. तिथे मतदान नाही का, असं मी विचारलं, तर काकूच आतून म्हणाल्या, "घ्या की. फक्त पोळ्याही बहुमताने लाटा."

निवृत्तीनंतर त्यांनी ठरवलं, लोकशाही बाहेरून पाठवून रुजत नसेल तर शाळेतून रुजते का ते बघू. जवळच्या शाळेत सातवीच्या वर्गावर त्यांनी शुक्रवारचा एक तास मिळवला. वर्गाचे निर्णय मुलांनी पुठ्ठ्याच्या खोक्यात चिठ्ठ्या टाकून घ्यायचे आणि त्यातून ती काय शिकतात हे यांनी वर्षभर टिपायचं. परदेशातल्या एका विद्यापीठाने त्यावर निबंध मागितला होता, पण वर्ष पुरं झालं तरच तो उभा राहणार होता. त्यामुळे अंगात ताप असला तरी हा सत्तरीपुढचा माणूस शुक्रवार चुकवत नसे.

जानेवारीत खो-खोच्या सरावासाठी एक तास मोकळा करायचा होता. कुठला, हे मुलांनाच ठरवू द्या, असं प्राध्यापकांनी सुचवलं, आणि नियम म्हणजे नियम म्हणून यादीत स्वतःचाही तास लिहिला. चाळीस चिठ्ठ्या निघाल्या. तेहतीस जणांनी त्यांचाच तास काढून टाकला होता.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "सर, पोरांचं काय मनावर घेता? मी चित्रकलेचा तास काढते."

"बाई, बाहेरून येऊन निकाल फिरवणाऱ्यांवर मी आयुष्यभर लिहीत आलो. आता मीच फिरवू?"

त्यांनी फळ्यावर निकाल स्वतःच्या हाताने लिहिला, खाली सही केली आणि ते घरी आले. त्याच दुपारी निबंध होणार नसल्याचं विद्यापीठाला कळवलं. "अहो, मुलं शिकली, हेच लिहा की," काकू म्हणाल्या. "एका मतदानावरून निष्कर्ष काढत नसतात," म्हणाले, आणि टिपणांच्या वह्या त्यांनी दोरीने बांधून माळ्यावर टाकल्या.

आता संध्याकाळी ते फिरायला निघाले की सातवीतलं कोणी ना कोणी वाटेत गाठतं आणि हळूच म्हणतं, "सर, मी तुमच्या बाजूने होतो हं." प्राध्यापक दटावतात, "मत गुप्त असतं. सांगायचं नाही." परवा मी सहज विचारलं, आतापर्यंत किती जणांनी सांगितलं?

"एकोणीस," ते म्हणाले.

खोक्यात त्यांच्या बाजूने निघाली होती सात. ते काय मला त्यांना सांगायला हवं? पण वरच्या त्या बारा मतांना त्यांनी अजून कुणाला खोटं म्हणू दिलेलं नाही.