बाभळीत अडकलेली बाहुली

सटवाचं नाव सोसायटीतून कमी करण्याच्या ठरावाचा मसुदा मी लिहिला होता, हे आधीच सांगून टाकते. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. अक्षरही चांगलं आलं होतं.

मी तेव्हा हायस्कुलात विज्ञान शिकवत होते. औरंगाबादेतून बी.एस्सी. झालेली, प्राणिशास्त्र घेऊन, पहिल्या वर्गात. आष्टीपासून दोन कोसांवरच्या आमच्या गावात मच्छीमार सोसायटी निघाली तेव्हा अर्ज आणि अहवाल लिहायला कुणी मिळेना, म्हणून सचिवपद माझ्या गळ्यात पडलं. चेअरमन सुंदरराव. त्यांची जमीन तलावाच्या भिंतीला लागून, त्यामुळे पाणी आपलं आणि पाण्यातलं सगळंच आपलं, असा त्यांचा साधारण समज होता.

सटवा मूळचा मेंढरांमागचा माणूस. बहात्तरच्या दुष्काळात सरकारने तलाव खोदायला घेतला तो नेमका त्याच्या चराईच्या माळावर. माळ गेला, पाठोपाठ मेंढरं गेली. पुढे सोसायटी झाली तेव्हा त्याची भरपाई म्हणून त्याचं नाव सभासदांत घातलं. ते नाव होतं म्हणून त्याला पाण्यावर जाता येई. नाव कमी झालं की त्याला काठावरही उभं राहता येणार नव्हतं. एवढीच गोष्ट, पण त्याच्याकडे दुसरं काही उरलेलंही नव्हतं.

बहात्तरलाच बोअर पाडणारी एक परदेशी गाडी तालुक्यात आली होती. तिच्यावरच्या गोऱ्या साहेबाचं पाणी सटवा भरायचा. साहेबाला मासे धरायचं वेड. सीना नदीच्या उरल्यासुरल्या डोहावर तो रविवारी तासन् तास उभा राही आणि सटवा त्याच्या मागे. जाताना साहेबाने आपली काठी, एक लोखंडी चिमटा आणि पत्र्याची डबी सटवाला देऊन टाकली.

काठी म्हणजे चेष्टाच होती. चार तुकडे, जोडले की सहा-साडेसहा फूट, वजनाला ज्वारीच्या वाळल्या धांड्याइतकी. शेंडा एकदा मोडला तेव्हा सटवाने बांबूची कमची काचेने तासून बसवली होती. आपल्या नेहमीच्या गळाला शिशाची गोळी असते, तिच्या जोरावर तो लांब पडतो. याच्या गळाला वजनच नाही. वजन सगळं दोरीला. दोरी मागेपुढे झुलवायची, आणि तिच्या टोकाची बोटाच्या पेराएवढी खोटी मासोळी पाण्यावर अलगद उतरायची. मग डाव्या हाताने दोरी ओढायची. दोन झटके, थांबायचं. एक झटका, थांबायचं. थांबलं की मासोळी जायबंदी झाल्यासारखी मान टाकते, आणि नेमकी तेव्हाच खालून झडप पडते.

ती मासोळी तो स्वतः बांधायचा. उंबऱ्याच्या लाकडाला चिमटा आवळायचा, त्यात बारीक गळ धरायचा, त्यावर बोकडाच्या दाढीचे केस, कोंबड्याच्या मानेचं एखादं पीस, जुन्या फेट्याच्या जरीची तार, आणि डोक्याशी लाल रेशमाचे वेढे. शेवटी काडेपेटीच्या काडीने दोन डोळे. हे सगळं दार लावून. दार लावून कावून, असं कुणी विचारलं तर म्हणायचा, "वाऱ्यानं केस उडत्यात." मला ते पटत नव्हतं. दार लावणारा माणूस मला अजूनही पटत नाही.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात तलाव आटून भिंतीजवळ एक डोह तेवढा राहिला. निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं. पाऊसकाळात आम्ही राहू-कतल्याची बोटाएवढी पिल्लं सोडली होती, ती सगळी त्या डोहात कोंडलेली. दर पंधरा दिवसांनी आम्ही लहान जाळं टाकून अंदाज घेत होतो आणि दर वेळी पिल्लं कमी निघत होती. मेलेली तरंगत नव्हती. मग जातात कुठे?

सुंदररावांचा संशय सटवावर. काही जणांचा संशय सुंदररावांवर, पण हा संशय ते घरातच बोलून दाखवत. माझा दोघांवरही होता. त्यात सगळं गाव चटणी-भाकरीवर असताना सटवाच्या घरातून, त्याची बायको मंजुळाबाई चुलीपाशी असली की, माशाच्या कालवणाचा वास यायचा. मी त्या गल्लीतून दोनदा मुद्दाम गेले. वास होता.

आणि अशात बायनाबाईला काठावरच्या बाभळीत ती बाहुली सापडली.

बायनाबाईच्या चार शेळ्या आणि एक बोकड. शेंगा पाडायला गेली तर काट्यात काहीतरी लटकलेलं. काळे-पांढरे केस, लाल दोरा, जरीचा तुकडा आणि दोन टक्क उघडे डोळे. बाईने तिथूनच बोंब ठोकली. फांदी तोडून, बाहुलीला हात न लावता, लिंबाच्या पाल्यावर ठेवून गावात आणली.

"भानामती हाय ही! केस माझ्या बोकडाचे हायत, मी वळखते. आठ दिस झालं शेळी दूध चोरतीय. आता कळलं कावून!"

दुपारपर्यंत गावात तीन म्हशी आटल्या होत्या, एकाला चक्कर आली होती आणि एका सुनेच्या पदराला आपोआप भोक पडलं होतं. मी सगळ्यांना वेड्यात काढलं. भानामती वगैरे काही नसतं, असं पाराजवळ उभं राहून खडसावून सांगितलं. "हा साधा मासे चोरायचा गळ आहे, दोरी झुलवताना बाभळीत अडकलेला," म्हणाले. आपण किती शहाणे, असं वाटत घरी आले आणि ठरावाचा मसुदा लिहायला बसले. सभा सोमवारी होती.

रविवारी सकाळी खात्री करायला तलावावर गेले. उजाडत होतं. भिंतीच्या अलीकडे एका धोंड्याआड बसले.

"बाई," डोहाच्या काठावरून मागे न वळता सटवा म्हणाला, "तितं इचू लई हायत. इकडं या."

उठावं लागलं. "मी फिरायला आले होते."

"छत्री घिऊन? पाऊस दोन साल झालं गाव सोडून गेलाय."

"उन्हासाठी आहे. डबीत काय आहे तुझ्या?"

त्याने डबीचं झाकण दाबलं आणि ती बंडीच्या खिशात घातली. "माजी वस्तू हाय."

"दाखव."

"ठरावात लिवा, मागितली, दाविली न्हाई."

"ठरावाचं तुला कुणी सांगितलं?"

"आज आईतवार. शाळा बंद. अन् तुमच्या बोटाला शाई हाय."

मी बोट पदराला पुसलं. त्याने दोरी झुलवली. दोन झटके, थांबला. एक झटका, थांबला. पाणी फुटलं. ती काडी अशी वाकली की आता गेलीच असं मला वाटलं. पण तो घाई करीना. दोरी सोडी, ओढी, पुन्हा सोडी. शेवटी काळा, सापाच्या तोंडाचा, हातभर मासा काठावर आला. मरळ. सटवाने तो ओल्या गोणपाटात गुंडाळला.

घरी येऊन मी मसुद्यात भर घातली: "सभासद सटवा यांनी मोठा मासा धरून गोणपाटात लपवल्याचे सचिवांनी समक्ष पाहिले." कोणता मासा, ते लिहिलं नाही. मला माहीत होतं, तरी लिहिलं नाही. तेव्हा वाटलं, त्याने काय फरक पडतो.

सोमवारी सोसायटीच्या खोलीत जेवढं गाव शिल्लक होतं तेवढं सगळं जमलं. बायनाबाई पाल्यावरची बाहुली घेऊन पुढेच बसली. सटवा आला तो गोणपाट काखोटीला मारून.

सुंदरराव म्हणाले, "सटवा, लोक काय म्हंत्यात ठावं हाय ना? करणी कर न्हाईतर चोरी कर. दोन्ही धंदे एका माणसानं करू ने."

लोक हसले. सटवा हसला नाही.

"केस माझ्या बोकडाचे हायत का न्हाईत, ते आदी इचारा त्याला," बायनाबाई म्हणाली.

"हायत," सटवा म्हणाला. "दाढी कापलीय मी."

"बघा! वदला!"

"तुझी शेळी दूध देईना ती पाल्याच्या अभावी, बायने. बोकडाच्या दाढीत दूध असतंय व्हय?"

"मग कापताना इचाराया तोंड न्हवतं?"

"इचारलं असतं तर दिली असतीस?"

"न्हाई!"

पुन्हा हशा. सुंदररावांनी मला खूण केली. मी मसुदा वाचायला उभी राहिले. दोन ओळी वाचून झाल्या तेवढ्यात सटवा म्हणाला, "बाई, एक इचारू? तुमी शिकल्याल्या हाव. राहूला दात असत्यात का?"

मी मसुदा खाली घेतला.

"सांगा की."

"जबड्यात नसतात."

"कतल्याला?"

"त्यालाही नसतात."

"त्ये खात्यात काय?"

"शेवाळ. पाण्यातले बारीक जीव."

"मग शेवाळ खाणारा मासा माझी मासोळी कावून धरंल? ती धरणार मासोळ्या खाणाराच. मी तुमचं एक पिल्लू धरतो म्हणलं तरी धरता येत न्हाई मला, ह्या काठीनं."

सगळे माझ्याकडे बघू लागले. हा प्रश्न माझ्या दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत होता. मी त्याला पूर्ण गुण मिळवले होते. पिल्लं कमी होत होती, डोहात मरळ होती, मरळ कशावर जगते हे मी पोरांना फळ्यावर लिहून देत होते, आणि चोर म्हणून मला दोन पायांचाच सुचला. बायनाबाईला भानामती दिसली, मला चोरी दिसली. तिच्याकडे निदान पदवी नव्हती.

"पोट फाडा हिचं," सटवाने गोणपाट उलगडून मरळ टेबलावर ठेवली. "आजच सकाळची हाय. मी फाडली तर म्हंताल, ह्यानंच भरलं."

सुरी मीच घेतली. वर्तमानपत्र पसरलं. पोटातून सहा पिल्लं निघाली, दोन अजून ओळखू येण्यासारखी, रुपेरी. आणि जबड्याच्या कोपऱ्यात गंजका गळ, त्यावर लाल रेशमाचा वेढा.

"म्हैन्यामागं तोडून नेलती हिनं," सटवा त्या गळाकडे बघत म्हणाला. "आज गावली."

बायनाबाई पुढे वाकली. "हिच्या बी तोंडात भानामती?"

"आता तूच इचार तिला."

सुंदरराव मात्र हलले नाहीत. "ठीक हाय. पिल्लं न्हाई धरली. पन मरळ धरल्या अन् घरी खाल्ल्या. मरळ बी सोसायटीचीच हाय. सांगितलं कावून न्हाई?"

"सांगितलं असतं तर तुमी मोठं जाळं लावलं असतं. येवढ्याशा डोहात जाळं वढलं तर गाळात मरळ दडती अन् पिल्लं मरत्यात." गोणपाटाची घडी घालत तो म्हणाला, "अन् खाल्ल्या, हे खरंच हाय. भूक लागलती."

हे खरं बोलल्यामुळे मला त्याच्याविषयी पहिल्यांदा बरं वाटलं. सुंदररावांना वाटलं नसावं.

तासभर भांडून ठरलं: नाव राहील. सटवाने मरळ काढाव्यात, निम्म्या सोसायटीच्या, निम्म्या त्याच्या. पण कुणीतरी समोर बसून बघायला पाहिजे. सुंदररावांचा माणूस सटवाला चालेना, सटवाचा सुंदररावांना. शेवटी बायनाबाईच म्हणाली, "बाईला बसवा. तिला तसंबी लोकांवर नजर ठिवायचा नाद हाय."

मी अठरा सकाळी बसले. शाळेच्या आधी, छत्री घेऊन. अकरा मरळ निघाल्या. एक तर अशी निघाली की काठीचा बांबूचा शेंडा पुन्हा मोडला आणि मला दोन दिवस सुट्टी मिळाली. नंतर टाकलेल्या जाळ्यात पिल्लं कमी झाली नव्हती. सुंदरराव म्हणाले, बघू पुढच्या खेपेला. म्हणजे त्यांना पटलं होतं.

अठराव्या दिवशी मी म्हणाले, "सटवा, एक मासोळी मला दे. वर्गात दाखवते."

"आदी तो कागद द्या."

"कोणता?"

"तुमी लिवल्याला."

मसुदा माझ्या पिशवीतच होता. फाडायचा म्हणून ठेवलेला आणि राहून गेलेला. दिला. त्याला वाचता येत नव्हतं. तरी त्याने तो उलटासुलटा करून नीट पाहिला, चार घड्या घातल्या, आणि बंडीतून डबी काढली. अठरा सकाळी त्याच्याजवळ बसूनही मला ती आज पहिल्यांदा उघडी दिसली. रांगेने खोवलेल्या मासोळ्या, सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. त्यांच्या खाली त्याने कागद सारला आणि झाकण दाबलं.

"आता मासोळी दे."

"न्हाई बाई. तुमच्याजवळ घावली तर उद्या गाव म्हनंल, भानामती हिनंच शिकविली त्याला. माज्यावर येकदा आलंय, म्हाईत हाय मला."

"आणि तो कागद कशाला ठेवलास?"

"असू द्या," तो म्हणाला. "सभा परत हुईल की. तवा ह्यो बी वाचायला काढीन."

आणि दोरी गुंडाळत भिंतीच्या कडेने निघून गेला.