डावीकडे वळताना वाजणारे नाना

आमचे नाना गाडी डावीकडे वळवण्याआधी रस्त्यावरच्या लोकांची माफी मागत. खिडकीतून मान बाहेर काढून, एक हात कपाळाला लावून, सायकलवाल्यापासून म्हशीपर्यंत सगळ्यांची. कारण डावा इंडिकेटर लावला की त्यांच्या गाडीचा हॉर्न सुरू होई आणि वळण संपेपर्यंत थांबत नसे. उजवीकडे मात्र ती गुमान वळे. त्यामुळे पाचोऱ्याच्या बाजारात जाताना नाना शक्यतो उजव्या वळणांचा रस्ता शोधत आणि दहा मिनिटांच्या कामाला निम्मा तालुका फिरून येत.

नाना म्हणजे माझे थोरले काका. पाचोऱ्याजवळच्या खेड्यात त्यांची शेती. बैलजोडी गेली, ट्रॅक्टर आला, पाठोपाठ ही उंच पांढरी गाडी आली. पण गोठा रिकामा झालाय हे त्यांच्या मनानं काही घेतलं नाही. पोळा आला तेव्हा त्यांनी गाडीलाच अंघोळ घातली. नुसती बाहेरून घातली असती तर काही बिघडलं नसतं. पण बैल धुवायचा तो कानामागूनसुद्धा, ही त्यांची शिस्त. चारी दारं उघडून त्यांनी विहिरीच्या मोटारीचा पाइप सरळ आत सोडला आणि डॅशबोर्डखालचे कानेकोपरे हात घालून घासून काढले. मग बॉनेटवर झूल चढली, आरशांना गोंडे आले आणि पुरणपोळी वायपरखाली खोचून ठेवली गेली. काकू दारातून हे सगळं बघत होत्या. त्या फक्त पोळी वाया गेली म्हणून हळहळल्या.

त्या पोळ्यानंतर गाडी अशी वागू लागली. जळगावचे युसूफभाई, आमचे गाड्यांचे इलेक्ट्रिशियन, त्यांनी ड्रायव्हरच्या पायाजवळचं पॅनेल उघडून एक डबी दाखवली. दिवे, काचा, कुलपं, वायपर, हॉर्न या सगळ्यांना हुकूम सोडणारी ती डबी. तिला बॉडी कंट्रोल मॉड्यूल म्हणतात. आत पाणी जाऊन तिच्यावर हिरवा गंज चढला होता. ही बदलावी लागेल, असं युसूफभाई म्हणाले. नानांनी डबीकडे प्रेमानं पाहिलं आणि पॅनेल परत लावायला सांगितलं.

"गाडी बिघडेल नही शे, भो," ते म्हणाले. "तिना स्वभाव शे तो."

आणि खरोखरच पुढची काही वर्षं त्यांनी तो स्वभाव सांभाळला. मागची काच खाली करायची तर मोठा दिवा लावायचा. वायपर थांबवायचे तर ड्रायव्हरचं दार एकदा उघडून आपटायचं. बॅटरीवाल्या पंख्यासारखा तो वायपर वैशाखाच्या उन्हात कोरड्या काचेवर फिरत असे आणि नाना मध्येच चालत्या गाडीचं दार उघडून धाडकन लावत. शेजारी पहिल्यांदा बसलेला पाहुणा घाबरून देवाचं नाव घेई. नानांना सगळं पाठ होतं. काकूंचं म्हणणं, माझा स्वभाव ह्यांना कधी एवढा पाठ झाला नाही.

मग एका आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तोंडावर गाडी बंदच पडली. आमच्या खान्देशात आखाजीला लेकी माहेरी येतात. नानांची मोठी बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो, धुळ्याला असते. तिला माहेरी आणायला दरवर्षी नानाच जात, आणि तीही नानांशिवाय कुणाबरोबर यायला तयार नसे. एकदा मी हौसेनं माझी गाडी घेऊन गेलो, तर मला चहा पाजून तसंच परत पाठवलं. आता तिची नजर अधू झालेली, तरी आखाजीला सकाळपासून पिशवी मांडीवर घेऊन ओट्यावर बसणार हे ठरलेलं. किल्ली फिरवली तर डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागले, वायपर एकदा हलला आणि गाडी गप्प झाली. अक्का ओट्यावर बसून राहील, एवढं एकच वाक्य नाना दिवसभर बोलत होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

शेवटी ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी जळगावला आणली. ओढल्या जाणाऱ्या गाडीतही नाना स्टिअरिंगवर ताठ बसून होते आणि डावं वळण आलं की सवयीनं कपाळाला हात लावत होते. युसूफभाईंनी जुनी डबी काढून नवी बसवली, तरी गाडी सुरू होईना. नव्या डबीची गाडीशी आणि किल्लीशी लॅपटॉप जोडून ओळख करून द्यावी लागते, असं त्यांनी समजावलं. मला धीर धरवत नव्हता, पण नाना एकदम शांत झाले.

"नवी सून शे ती," ते म्हणाले. "घर वळखाले टाइम लागस."

त्यांनी डबीला कुंकू लावायचं काढलं. युसूफभाईंनी लगबगीनं लॅपटॉप बाजूला घेतला आणि डबीच्या झाकणावर काय लावायचं ते लावा म्हणाले. थोड्या वेळानं गाडी सुरू झाली. जुनी डबी नानांनी रुमालात बांधून खिशात ठेवली.

आखाजीला मी त्यांच्याबरोबर धुळ्याला गेलो. अक्काच्या गल्लीत शिरायला डावीकडे वळावं लागतं. नानांनी माफी मागितली, इंडिकेटर लावला, आणि गाडी आवाज न करता वळली. अक्का ओट्यावर बसलेली होती. गाडी अगदी तिच्यासमोर थांबली तरी ती उठेना. नाना उतरून जवळ गेले, तर डोळे बारीक करून ती त्यांनाच म्हणाली, "भाऊ, गाडी बाजूले ले. मना नाना ई राहिना." तिचा नाना यायचा होता, आणि तो तर वाजत यायचा.

नाना परत गाडीत बसले, रिव्हर्स घेत गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि या खेपेला वळण संपेपर्यंत हॉर्न हातानं दाबून धरला. आम्ही पोचेस्तोवर अक्का पिशवी घेऊन उभी होती. त्यानंतर नाना नव्या डबीबद्दल कौतुकानं बोलत, पण डावीकडे वळताना हॉर्न स्वतः वाजवत.

गेल्या दिवाळीनंतर नाना गेले. अजूनही मला ते खरं वाटत नाही. आखाजीला आमच्याकडे गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात. यंदा ती नानांच्या नावानं भरायची होती, आणि अक्का माहेरी येईल की नाही हे कुणालाच सांगता येत नव्हतं. मी नानांचीच गाडी काढली. गल्लीच्या तोंडाशी इंडिकेटर लावला आणि वळण संपेपर्यंत हॉर्न दाबून धरला. अक्का ओट्यावर होतीच. ती उठली, चाचपडत दार उघडून माझ्या शेजारी बसली आणि बराच वेळ पिशवीचे बंद हातात घट्ट धरून राहिली.

"डबी परत बिघडनी का?" तिनं विचारलं.

मी हो म्हणालो.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "आते सुधारू नको."

मग घरापर्यंत जेवढी डावी वळणं आली तेवढ्या वेळा मी हॉर्न वाजवला, आणि शेजारी बसून अक्का रस्त्यावरच्या लोकांना हात जोडत राहिली.