धक्का दोघांलेही बसते

“ही हलकी गाडी,” सर म्हणाले आणि पट्टीचं टोक माझ्या खांद्याला लावलं. “अन् ही जड.” पट्टी पाटलाच्या पोराकडे वळली. “हलकी जाऊन जडावर आदळली तं काय होईन?”

उत्तराची वाट न पाहता सरच पुढं बोलले.

“आपटून मांगं येईन. आपल्या वस्तीत. जडाले काही फरक पडत नाही.”

सगळे हसले. पाटलाचं पोरगंही. त्याच्याच वावरात माझी माय कापूस वेचायची. त्या वर्षी अळीनं अर्धी बोंडं खाल्ली होती, उरलेल्याला भाव नव्हता. तरी आमच्यावर हसणं काही कमी झालं नव्हतं.

फुलसावंगीच्या पुढं आमचं गाव. नववीचा वर्ग, संवेगाचा धडा. टेबलावर लांब फळी, तिच्यावर दोन छोट्या गाड्या. एकीवर वजनं रचलेली, दुसरीला पुढं स्प्रिंग. आम्हा बौद्धांच्या पोरींना त्या गाड्या कधी हातात मिळाल्या नाहीत. “मोडान तुम्ही,” सर म्हणायचे. आम्ही मागून पाहायचं.

मी उभी राहिले.

“सर, काल तुम्हीच फळ्यावर लिहिलं. धक्का दोघांलेही सारखाच बसते.”

“खाली बस.”

बसले नाही. सरळ टेबलापाशी गेले.

“हात नको लावू!”

लावला. हलकी गाडी होता नव्हता तेवढा जोर लावून ढकलली. ती आदळली, उसळून माझ्या पोटावर आली. आणि वजनांची गाडी सरकली. हळूहळू. पण सरकली. सगळ्यांनी पाहिली. आता कोणी हसलं नाही.

सरांनी दंड धरून मला बाहेर काढलं. “मायले घेऊन ये. माफी मांग, मंगच वर्गात.”

माय वावरातून आली. बोटं बोंडांनी सोललेली. सगळं ऐकून घाबरली.

“काहून तोंड उघडलं वं बाई? त्याइच्याच वावरात जा लागते मले.”

मी रडायला लागले. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं. मग म्हणाली, “खोटं बोलली का तू?”

“नाही.”

“मंग माफी कायची?”

दुसऱ्या दिवशी दोघी शाळेत गेलो. वर्गाच्या दारात माय चपला काढायला वाकली.

“काढू नको,” मी म्हटलं.

ती तशीच आत आली.

“माफी?” सर म्हणाले.

“नाही मांगत,” मी म्हणाले.

मी पहिल्या बाकावर जाऊन बसले. त्याच आठवड्यात पाटलानं मायला वेचणीला बोलावणं बंद केलं. ती रोज कोसभर चालत दुसऱ्या गावच्या वावरात जायला लागली. मला एका शब्दानं बोलली नाही.

पण पहिल्या बाकावर बसले त्या सकाळी सरांनी दाराकडे बोट केलं होतं. “बाहेर हो.”

मी दोन्ही हातांनी बाक धरला.

“उचलून काढा, सर. माह्या पायानं मी जात नाही.”

आजही कोणी दार दाखवलं तर जात नाही.